सुखाचा प्रश्न आणि केडगांवचें मुक्तिसदन

मनुष्यमात्राची सारी धडपड सुखासाठीं चाललेली असते, हें वाक्य आपण लहानपणापासून इतक्या वेळां ऐकतों कीं, त्याचा अर्थ काय, हें विचारण्याचें कोणाच्या मनांतच येत नाहीं. आमच्या शाळेच्या वरच्या वर्गांतील मुलामुलींच्या मात्र तें येतें. नीतिशिक्षणाच्या तासाला नांव न घालतां चिठ्ठीवर प्रश्न लिहून देण्याची त्यांस मुभा आहे. गेल्या वर्षांत आलेल्या चिठ्ठ्या मीं एकत्र करून वाचल्या, तेव्हां निरनिराळ्या हस्ताक्षरांत तेच तीन प्रश्न फिरून फिरून आलेले दिसले. माणसानें सुखी कसें व्हावें? दुसऱ्याच्या दुःखाची काळजी मीं कां करावी? आणि देव दयाळू आहे, तर निरपराध लेंकरें उपाशी कां मरतात?

हे प्रश्न परीक्षेंत येत नाहींत, तेव्हां त्यांवर वेळ कशाला दवडावा, असें कित्येक पालकांस वाटत असेल. त्यांचाही दोष नाहीं. गुणपत्रिकेच्या काळजीनें त्यांची झोप उडालेली असते. परंतु माझें मत निराळें आहे. हे तीन प्रश्न दिसायला तीन आहेत, वास्तविक ते एकमेकांत गुंतलेले आहेत. सुखाचा प्रश्न खोलीचें दार लावून एकट्यानें सोडवूं म्हटलें तर तो सुटत नाहीं. दुसऱ्याच्या दुःखाला हात घातल्यावरच त्याची गांठ सैल होऊं लागते. आणि तिसरा प्रश्न तर वादानें सुटतच नाहीं. तो पुष्कळ माणसांनीं मिळून खांद्यावर वाहावा लागतो. म्हणून जी मंडळी ईश्वराचें नांव घेऊन एकत्र राहते, तिची परीक्षा मी दोन गोष्टींवरून करतों: तेथें दुर्बळाचें ओझें कोण उचलतो, आणि तेथें प्रश्न विचारणाऱ्याचें तोंड बंद केलें जातें कीं काय. हें बोलणें कोरडें राहूं नये यासाठीं आपल्याच मुलखांतील एका मंडळीचें उदाहरण घेतों.

पुण्याहून दौंडाकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगांव नांवाचें स्टेशन आहे. त्या गांवीं पंडिता रमाबाई यांनीं १८९८ सालीं मुक्तिसदन स्थापन केलें. ती संस्था आजही तेथें चालू आहे. रमाबाईंचें नांव पाठ्यपुस्तकांतून मुलांच्या कानांवरून जातें, पण तें बहुधा एका परिच्छेदापुरतें. आणि परीक्षा झाली कीं तो परिच्छेदही जातो.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालीं पश्चिम घाटांतील गंगामूळ येथें झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकविलें म्हणून त्यांना स्वजनांचा रोष सोसावा लागला. पुढें सारें कुटुंब तीर्थयात्रा करीत आणि पुराण सांगत गांवोगांव फिरूं लागलें. १८७४ च्या सुमारास दक्षिणेंत दुष्काळ पडला, आणि त्यांत अगोदर वडील व मागोमाग आई गेली. त्या वेळीं रमाबाईंचें वय सोळा वर्षांचें. त्या दिवसांविषयीं त्यांनीं पुढें स्वतः लिहिलें आहे. त्यांतील एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. भीक मागण्यास किंवा हलकें काम करण्यास कुटुंबाचा अभिमान आड येत होता, आणि पोट भरण्याजोगा कोणताही धंदा त्यांच्यापैकीं कोणास येत नव्हता. घरांत शास्त्र होतें, अन्न नव्हतें.

आईबापांमागें ही मुलगी आपल्या भावाबरोबर वर्षानुवर्षें पायीं हिंडली. १८७८ सालीं तीं दोघें कलकत्त्यास पोंचलीं. तेथील पंडितांनीं तिच्या विद्वत्तेवर प्रसन्न होऊन तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० सालीं भाऊ वारला. त्याच वर्षीं बिपिनबिहारी मेधावी या वकिलांशीं तिचा विवाह झाला, आणि १८८२ च्या फेब्रुवारींत पटकीच्या रोगानें तेही गेले. वयाचीं चोवीस वर्षें पुरीं होण्यापूर्वीं जिचें माहेर व सासर दोन्हीं सरलीं, अशी ही स्त्री. कडेवर वर्षाच्या आंतली मुलगी. त्या मुलीचें नांव मनोरमा, म्हणजे मनाला रमविणारी.

आतां चिठ्ठीवरील तिसरा प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणास असेल तर तो अशा माणसास. पवित्र शास्त्रांत ईयोबानें तो विचारला आहे, आणि त्याच्या मित्रांनीं दिलेलीं शहाणपणाचीं उत्तरें देवासही आवडलीं नाहींत. आपल्या तुकोबांच्या घरींही दुष्काळांत बायको व मूल अन्नावांचून गेलें, असें परंपरा सांगते. घरांत असें घडलेल्या माणसास कोणी सिद्धांत सांगूं लागला तर त्याचा राग येणें साहजिक आहे. रमाबाईंची ईश्वरावर दृढ श्रद्धा होती, आणि आपल्या आयुष्यांत त्याचा हात आहे असें त्या मानीत. पण १८९६-९७ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडल्याचें वर्तमान आलें, तेव्हां ईश्वरानें हा दुष्काळ कां पाठविला यावर निबंध लिहीत न बसतां त्यांनीं आगगाडीचें तिकीट काढलें. आपल्या तरुणपणच्या उपासमारीची आठवण स्वस्थ बसूं देईना, असें त्यांनीं नमूद करून ठेवलें आहे. मला वाटतें, ‘दुसऱ्याच्या दुःखाची काळजी मीं कां करावी’ या चिठ्ठीस याहून सरळ उत्तर नाहीं. ज्याला आपली भूक आठवते, त्याला हा प्रश्न पडत नाहीं. ज्याला भूक ठाऊकच नाहीं, त्याला ती ओळखावयास शिकविणें हें शाळेचें काम आहे. आणि तें काम पुस्तकांतल्यापेक्षां पुस्तकाबाहेर अधिक होतें.

त्या प्रवासांतून रमाबाईंनीं सुमारें तीनशें मुली व तरुण विधवा आणल्या. पुण्यांत त्या वेळीं प्लेगाची धास्ती, आणि सरकारी नियम कडक. इतक्या मुली शहरांत ठेवतां येईनात, म्हणून केडगांवीं घेतलेल्या सुमारें शंभर एकर जमिनीवर त्यांस न्यावें लागलें. विहिरी खणल्या, झाडें लावलीं, इमारती उठल्या. १९०० सालीं गुजराथेंतील दुष्काळानें आणखी शेंकडों आल्या, आणि मुक्तिसदनांतील माणसांचा आंकडा दोन हजारांच्या जवळ जाऊन ठेपला.

दोन हजार हा आंकडा वाचून पुढें जाणें सोपें आहे. गणिताच्या तासाला मुलांनीं थोडा हिशेब करून पाहावा. माणशीं दिवसाला अर्धा किलो धान्य धरलें, तर रोजचें दहा क्विंटल होतें. तें निवडावयाचें, दळावयाचें, भिजवावयाचें, भाजावयाचें. तितक्यांना पुरेल इतकें पाणी उन्हाळ्यांत केडगांवसारख्या रखरखीत ठिकाणीं शेंदावयाचें. तितक्यांचे कपडे धुवावयाचे. आजारी पडतील त्यांच्या उशाशीं बसावयाचें. शिवाय आलेल्या मुली कशा? कोणी हाडांचा सांपळा झालेली, कोणी रात्रीं दचकून ओरडणारी, कोणी मिळालेली भाकरी उशाखालीं लपवून ठेवणारी. करुणा हा शब्द उच्चारतांना आपल्या डोळ्यांपुढें पाणावलेले डोळे येतात. माझ्या डोळ्यांपुढें अलीकडे धान्याची कोठी येते.

आणि येथेंच रमाबाईंची करुणा आपल्या नेहमींच्या दानधर्माहून वेगळी पडते. आपण दिवाळीला जुने कपडे काढतों, वर्षांतून एकदां अनाथाश्रमांत खाऊ वांटून येतों. अलीकडे तर खाऊचा पुडा मुलाच्या हातीं देतांना छायाचित्र काढून घेण्याची चाल पडली आहे. तें मूल छायाचित्रांत कोठें पाहत असतें, तें एकदां नीट बघावें. मी या दानाला वाईट म्हणत नाहीं. पण तें देऊन आपण घरीं येतों, आणि घेणारा तेथेंच राहतो. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यांत तो जखमी वाटसरूला तेल व द्राक्षारस लावून निघून जात नाहीं. उतारशाळेंत नेतो, रात्रभर सांभाळतो, दुसऱ्या दिवशीं पैसे देतो, आणि अधिक लागतील ते परत येतांना देण्याचें कबूल करतो. उपदेशकांनीं या परत येण्यावर जितका भर द्यावा तितका दिलेला माझ्या ऐकण्यांत नाहीं.

केडगांवीं प्रत्येक मुलीस वाचावयास शिकवीत, आणि जोडीला एखादें काम. कोणी मागावर विणी, कोणी शिवणकाम करी, कोणी गाई सांभाळी, कोणी शेतांत, कोणी छापखान्यांत. शिकून तयार झालेल्या मुली मग मागाहून आलेल्यांस शिकवीत. ज्या घरांत शास्त्र होतें पण धंदा नव्हता, त्या घराची मुलगी हें करीत होती, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या कामाचें मर्म कळतें. पोटापुरतें अन्न सरकारच्या दुष्काळी कामावरही मिळालें असतें. पण तुझ्या हातालाही कांहीं येतें, तुझ्यावांचून येथें अडतें, हें त्या मुलींस पूर्वीं कोणीं सांगितलें नव्हतें. समाजानें त्यांना ओझें म्हटलें होतें. आंधळ्या मुलींसही येथें वगळलें नाहीं. मनोरमाबाईंनीं ब्रेल लिपि शिकून घेतली आणि त्यांस बोटांनीं वाचावयास शिकविलें. आणि ज्यांना ‘बिघडलेल्या’ म्हणून दार बंद होतें, त्यांच्यासाठीं कृपासदन उघडलें. या शेवटल्या कामाचें बीज इंग्लंडांतलें. लंडनमधील फुलहॅम येथें वाँटेजच्या भगिनींनीं अशाच स्त्रियांसाठीं चालविलेलें घर रमाबाईंनीं पाहिलें होतें. पतित म्हटलेल्या स्त्रीशीं कोणी प्रेमानें वागतें, हें त्यांनीं तेथें प्रथम पाहिलें, आणि असें वागण्यास या लोकांस कोण शिकवितो, ह्या विचारानें त्या ख्रिस्ताकडे अधिक ओढल्या गेल्या.

आतां दुसऱ्या परीक्षेकडे वळूं. रमाबाई १८८३ सालीं इंग्लंडास गेल्या आणि त्याच वर्षीं २९ सप्टेंबरला वाँटेज येथें मुलीसह त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. एवढी हकीकत आपल्या मंडळींत अभिमानानें सांगतात. पण पुढची हकीकत सांगतांना आवाज खालीं येतो. तेथील भगिनी जेराल्डाइन या त्यांच्या धर्ममाता. त्या दोघींचा पत्रव्यवहार १९७७ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाला आहे, आणि तो वाचतांना पानोपानीं वाद दिसतो. त्रैक्याचा सिद्धांत रमाबाईंस पटेना. तो पटल्यावांचून ओठांनीं म्हणण्यास त्या तयार होईनात. शाकाहार त्यांनीं सोडला नाहीं. क्रुसावरचीं अक्षरें लॅटिन भाषेंत कां, आपलें जुनें संस्कृत त्याहून काय कमी आहे, असें त्यांनीं विचारलें. एका पुरोहितवर्गाच्या जोखडांतून नुकतीच सुटलेली मान दुसऱ्या जोखडांत घालण्याची आपली इच्छा नाहीं, असा त्यांचा एकूण रोख होता. जेराल्डाइनबाईंस याचें दुःख होई, रागही येई. या शिष्येला त्या गर्विष्ठ समजत. तरी तीं पत्रें त्यांनींच जपून एकत्र करून ठेवलीं, म्हणून आज आपणांस वाचावयास मिळतात. त्याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

ज्यांना वाटतें कीं श्रद्धावंतानें प्रश्न विचारूं नये, त्यांनीं हीं पत्रें वाचावीं. रमाबाई प्रश्न विचारीत राहिल्या म्हणून त्यांची श्रद्धा गेली नाहीं. पुढें त्या अनेक गोष्टींत त्याच सिद्धांतांकडे वळल्या, पण आपल्या पायांनीं चालत वळल्या. मंडळींत, घरांत, शाळेंत जें मूल प्रश्न विचारतें तें अडचणीचें वाटतें खरें. तरी वर्गांतलें सर्वांत आज्ञाधारक मूल तेंच सर्वांत श्रद्धावान असतें, असें मात्र मला वर्षांच्या अनुभवानें म्हणवत नाहीं.

या स्वातंत्र्याची दुसरी बाजूही आहे, आणि ती मिशन शाळेच्या मासिकांत टाळणें मला योग्य वाटत नाहीं. मुक्तिसदनापूर्वीं, ११ मार्च १८८९ रोजीं, रमाबाईंनीं मुंबईंत विधवांसाठीं शारदासदन उघडलें. पुढच्या वर्षीं तें पुण्यास आलें. तेथें कोणत्याही धर्माची सक्ति नसावी असें ठरलें होतें, आणि न्यायमूर्ति रानडे व डॉक्टर भांडारकर यांच्यासारखे लोक सल्लागार होते. रमाबाई स्वतः प्रार्थना करीत त्या खोलीचें दार उघडें असे. कांहीं मुली आपण होऊन येऊन बसूं लागल्या. यावरून पुण्यांत मोठें वादळ झालें. १८९३ सालीं सल्लागारांनीं राजीनामे दिले, आणि कित्येक पालकांनीं मुली काढून घेतल्या. रमाबाईंची बाजू अशी कीं, मी कोणास बोलावीत नाहीं, पण आलेल्यास हांकलणारही नाहीं. विरोधकांची बाजू अशी कीं, जिच्यावर मुलीचें अन्न, वस्त्र, शिक्षण सारें अवलंबून, तिचें उघडें दार हेंही एक आमंत्रणच. मला दोन्हीं बाजूंत तथ्य दिसतें. उपाशी माणसाचा होकार हा तागडींत घालून तोलण्याजोगा होकार नव्हे. केडगांवास आलेल्या दुष्काळपीडित मुलींनीं पुढें बहुसंख्येनें ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांतला किती भाग विश्वासाचा आणि किती कृतज्ञतेचा, हें त्यांचें त्यांनाच ठाऊक. दयेला अट जोडली कीं ती दया राहत नाहीं, हें आपण मान्य करीत असूं तर तें आपल्या मंडळीच्या बाबतींतही मान्य केलें पाहिजे.

त्याच शारदासदनांतील पहिल्या विद्यार्थिनींपैकीं एक बालविधवा म्हणजे गोदूबाई. त्या ख्रिस्ती झाल्या नाहींत. ११ मार्च १८९३ रोजीं त्यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशीं पुनर्विवाह झाला, आणि कर्व्यांनीं १८९६ सालीं पुण्यांत अनाथ बालिकाश्रम काढला, तोच पुढें हिंगण्यास नांवारूपास आला. रमाबाईंच्या घरांतून निघालेली वाट अशी दुसऱ्याच श्रद्धेच्या अंगणांतून पुढें गेली. आमच्या शाळेंत निरनिराळ्या धर्मांचीं मुलें एका बाकावर बसतात. त्यांच्या पालकांनीं मनांतली शंका मनांत न ठेवतां आम्हांस विचारावी, असें मला वाटतें.

उरला पहिला प्रश्न. मुक्तिसदनांतील बायका सुखी होत्या काय? १९०५ सालीं तेथें प्रार्थनेची मोठी लाट आली. मुली तासन्‌तास रडत, गात, प्रार्थना करीत. त्या उज्जीवनाचीं वर्णनें देशोदेशीं छापलीं गेलीं, आणि तें वाचून लोक भारावून जातात. त्या लाटेची थट्टा करण्याचें कारण नाहीं. ज्यांच्या लहानपणीं रडण्यालाही सवड मिळाली नव्हती, त्या मुली रडल्या. परंतु त्या दिवसांतही दोन हजार माणसांच्या चुली पेटल्याच असतील, गाईंच्या धारा निघाल्याच असतील. माझी जिज्ञासा त्या चुलीजवळच्या बाईकडे अधिक जाते. तिनें आपल्या सुखाविषयीं कांहीं लिहून ठेवलें नाहीं. तिला कोणीं विचारलें असतें तर बहुधा तिनें ‘थांबा, भाकरी करपेल’ म्हटलें असतें. सुख म्हणजे मिळवून पेटींत ठेवण्याची वस्तु, अशा समजुतीनें आपण मुलांना शर्यतींत उतरवितों. मग त्यांनीं चिठ्ठीवर ‘सुखी कसें व्हावें’ असें लिहिलें तर नवल काय? ज्या मुलाची घरांत, गल्लींत, वर्गांत कोणी वाट पाहत असतें, ज्याच्या हातून कोणाचें तरी कांहीं होत असतें, त्याच्याकडून ती चिठ्ठी क्वचित् येते असा माझा तर्क आहे. पालकांनीं मुलास घरांतील एखादें खरें काम द्यावें, लुटुपुटुचें नव्हे. आजीचें औषध वेळेवर देण्याचें असो, कीं धाकट्या भावास वाचून दाखविण्याचें असो. शिकवण्यांचा एखादा तास त्यापायीं बुडाला तरी चालेल.

दुःख मात्र कोणत्याही सदनाच्या फाटकाशीं थांबत नाहीं. १९२१ सालीं मनोरमाबाई गेल्या. आईच्या मागें ज्यांनीं सारा कारभार पाहावयाचा, त्याच आधीं गेल्या. रमाबाईंचें शरीर तोंवर थकलें होतें. मूळ इब्री व ग्रीक भाषा शिकून पवित्र शास्त्राचें सोप्या मराठींत भाषांतर करण्याचें काम त्यांनीं कित्येक वर्षें चालविलें होतें. नुकतेंच अक्षर ओळखूं लागलेल्या बाईलाही कळावें, अशी भाषा त्यांस हवी होती. कलकत्त्याच्या पंडितांस थक्क करणाऱ्या विदुषीनें अवघड शब्द टाळण्यासाठीं घेतलेले हे श्रम. मुलगी गेल्यावरही तें काम थांबलें नाहीं. शेवटचीं मुद्रितें तपासून होईपर्यंत आयुष्य पुरावें, अशी त्यांची प्रार्थना होती असें सांगतात. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांनीं देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ १९२४ सालीं केडगांवच्या छापखान्यांतून बाहेर पडला. त्या छापखान्यांतील काम मुक्तीच्या स्त्रियाच करीत. खिळे जुळविणाऱ्या त्या हातांपैकीं कित्येक हात दुष्काळांत केडगांवीं आले तेव्हां त्यांस ‘अ’ हें अक्षरही ठाऊक नव्हतें.